अकरा लॅपटॉप, एक खुलासा

मंगळवारी सकाळी ब्राउझरने अपडेट घेतलं आणि पुन्हा सुरू करायची परवानगी मागितली. मी ‘हो’वर दाबलं आणि दूध उतू जाईल म्हणून उठले. दोन मिनिटांत परत येते तर स्क्रीनवर लाल चौकट: ‘धोका आढळला.’ आणि खुर्चीवर आमचा भुंगा, दोन्ही तळवे कीबोर्डवर. भुंगा म्हणजे माझी अडीच वर्षांची मुलगी. दिवसभर काहीबाही गुणगुणते म्हणून हे नाव. मी मागचापुढचा विचार न करता तिच्या हातावर चापट ठेवून दिली. ती रडली नाही. गुणगुणणं तेवढं थांबलं.

चौकट बंद केली, तर दुसरी आली. मग तिसरी.

लॅपटॉप ऑफिसचा. डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेले रिपोर्ट हेडफोनवर ऐकून टाइप करायचे, हे माझं काम. मुलगी तीन वर्षांची होईपर्यंत ते घरून करायची परवानगी मी सात अर्ज करून मिळवली होती. नियमाप्रमाणे लगेच सुपरवायझर मॅडमना फोन लावला.

“मुलगी होती का लॅपटॉपजवळ?” हा त्यांचा पहिला प्रश्न.

“दोन मिनिटं,” मी म्हणाले. खरं बोलायची खोड, दुसरं काय.

चार वाजता मेल आला, तोही सगळ्या टीमला. लॅपटॉप जमा करावा. ‘मुलीने हाताळल्यामुळे व्हायरस शिरला’ या खुलाशावर सही करावी. घरून कामाची परवानगी सोमवारपासून रद्द.

पाळणाघराच्या यादीत आमचा नंबर एकोणिसावा. म्हणजे सोमवारपासून नोकरी तरी सोडायची, नाहीतर मुलीला आत ठेवून घराला कुलूप लावून जायचं.

“अगं, करून टाक सही,” नवरा म्हणाला. “माफी मागितली की लोक विरघळतात.”

“माफी कशाची, ते तरी कळू दे.”

“भुंग्यानेच दाबलं असणार काहीतरी. माझ्या साहेबांना नाही का तिने माझ्या फोनवरून सतरा अंगठे पाठवले?”

मला हसू आलं नाही. कारण आतून मलाही तसंच वाटत होतं.

बुधवारी भुंगा कडेवर, लॅपटॉप खांद्याला, अशी ऑफिसात पोचले. सिस्टिमवाल्याच्या टेबलावर लॅपटॉपची चळत होती. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी.

“या. तुम्ही अकराव्या,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“अहो, सगळ्यांना तीच लाल चौकट. ब्राउझर अपडेट झाला, त्याची नवी फाइल अँटिव्हायरसच्या ओळखीची नव्हती, लागला बोंबलायला. घरच्याच माणसाने दाढी काढली आणि त्याला दारात अडवलं, तशातली गत. व्हायरस-बिरस काही नाही. काल दोनलाच कळवलंय मी मॅडमना.”

दोनला. मला मेल आला चारला.

त्याने भुंग्यापुढे एक जुना माउस धरला. “घे, दाब हवं तेवढं.” तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. कालपासूनचा माझा सगळा राग मॅडमवर होता. आता त्यात माझाही वाटा निघाला.

मी चिठ्ठ्या वाचल्या. घरून काम करणारी सगळी ओळखीची माणसं. त्यात चार बाप होते, एकाकडे तर जुळी.

“यांच्याकडून घेतला खुलासा?”

“कशाचा?” सिस्टिमवाल्याने विचारलं.

मॅडमच्या समोर जाऊन बसले, भुंग्याला मांडीवर घेऊन.

“हो, कळलं मला,” त्या स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाल्या. “पण मेल गेलाय ना आता. तुम्ही सही करा, पंधरा दिवसांनी परवानगीचं बघू.”

“न केलेल्या गोष्टीवर सही?”

“घरात लहान मूल म्हटलं की आज नाही तर उद्या ते व्हायचंच.”

“जुळ्यांच्या बापाला विचारलंत?”

“त्यांच्या मिसेस असतात घरी.”

“माझ्या घरी मी असते,” मी म्हणाले.

मॅडमनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरचा खुलाशाचा कागद उलटा करून त्यांच्याकडे सरकवला. “पहिला मेल सगळ्यांना गेला. दुसराही सगळ्यांनाच जाऊ दे. मी थांबते.”

“आत्ता?”

“हिची झोपायची वेळ व्हायला तासभर आहे. तोवर ही काही बोलत नाही. नंतरचं सांगता येत नाही.”

त्या टाइप करू लागल्या. मी मान वाकडी करून वाचत होते. ‘इशारा तांत्रिक कारणाने आला होता. परवानगी कायम. मुलांच्या बाबतीत संबंधितांनी यापुढे काळजी घ्यावी.’

“शेवटची ओळ काढा.”

“ती आपली जनरल आहे हो.”

“मग चार बापांची नावं घाला. पाचवं माझं घाला.”

मॅडमनी सुस्कारा सोडला आणि ओळ काढली. मेल माझ्या फोनवर येईपर्यंत मी खुर्ची सोडली नाही.