बियाला ठेवलेले भोपळे

गंगाधरपंत डफळापूरकर पालथ्या होडीखाली उताणे पडून उजेड शोधत होते. फळ्यांच्या सांध्यातून कुठे उन्हाची रेघ दिसली की त्यांनी आतून बोटाने टकटक करायची आणि बाहेर उकिडव्या बसलेल्या गुंडा आंबीने तिथे राळेत भिजवलेलं सूत ठोकून बसवायचं, असं सकाळपासून चाललं होतं.

"झाली का मग?"

"इकडे अजून दिसतंय. ठोक."

गुंडाने ठोकलं. राळेचा एक थेंब पंतांच्या मिशीवर पडला.

"आवं पंत, येवढी ठोकठोक कशापायी? चार दिस पान्यात बुडवून ठिवू की. लाकूड पानी प्यालं की आपनच फुगतंय, फटी मिटून जात्यात."

"ते करूच. आधी हे होऊ दे."

"बुडायचं भ्या असल्यागत करताय जनू!" गुंडा आपल्याच विनोदावर खदखदून हसला. सांगलीच्या घाटावर त्याच्या तीन पिढ्या नावा चालवत आलेल्या. मोठा पूल झाल्यापासून नावेला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, त्यामुळे त्याच्याजवळ हसायला वेळ भरपूर होता.

होडीखाली पंत हसले नाहीत.

होडी संस्थानची. कुणी एक साहेब पाहुणा म्हणून आला, हवापालटासाठी राहिला, आणि जाताना आपली शिडाची चिमुकली होडी गेस्टहाउसच्या मागच्या पडवीत ठेवून गेला. तेव्हापासून ती पंतांच्या ताब्यात. सामानसुमानाचे कारकून म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं तिला तेलपाणी केलं, उंदीर हाकलले, पण पाण्यात काही ती गेली नाही. दुसरी मोठी लढाई संपली त्या साली पंत निवृत्त झाले आणि नव्या अंमलदाराने होडी फोडून बंबात घालायचं ठरवलं. उभ्या नोकरीत ज्यांनी संस्थानाकडे एक वाकडा खिळा मागितला नव्हता, त्या पंतांनी होडी मागितली. बैलगाडीतून ती घरी आली तेव्हा आळीतल्या लोकांनी पंतांना वेड्यात काढलं. निवृत्त माणसाने माळ ओढावी, फार तर चारचौघांत बसून राजकारण करावं; हे काय भलतंच!

पण पंत मूळचे डफळापूरचे. तिथल्या विहिरी संक्रांतीलाच तळ दाखवायच्या. आंघोळीचं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं अळवाला, असा हिशेब. विशीत नोकरी शोधायला म्हणून ते सांगलीला आले आणि कृष्णेचं भरलेलं पात्र पाहून घाटावरच बसून राहिले. ज्यांच्याकडे उतरायचं होतं ते त्यांना शोधत आले, तेव्हा कुठे उठले. एवढं पाणी, आणि कुणाचंच नाही! त्या पाण्यावर एकदा तरी स्वतःच्या होडीतून जावं, हे तेव्हापासून त्यांच्या मनात होतं.

अडचण एकच होती. पंतांना पोहता येत नव्हतं.

सांगलीत हे बोलून दाखवायची सोय नव्हती. इथल्या पोरांच्या कमरेला दोन वाळके भोपळे बांधतात आणि बाप किंवा काका घाटावरून ढकलून देतो. उन्हाळा संपेस्तोवर भोपळे सुटतात आणि पोरगं पोहणारं होतं. पण हे सगळं आठव्या-नवव्या वर्षी. मिशी फुटलेल्या सरकारी कारकुनाच्या कमरेला भोपळे बांधायचे कुणी? पहिल्या वर्षी लाज वाटली, दुसऱ्या वर्षी पुढे ढकललं, आणि मग एका साली मोठा पूर आला. पंत कोठीतली धान्याची पोती बाहेर काढत होते. पाय घसरला, कमरेइतक्या पाण्यात पडले, हाताला लागलेला दोर धरून कसेबसे वर आले. गावात मात्र बातमी झाली ती अशी, की डफळापूरकर दोर दातात धरून पलीकडे सांगलवाडीला पोहत गेले. पंतांच्या कानावर ती आली तेव्हा तिला पाय फुटून ती मिरजेपर्यंत पोचली होती. खोटं ते कधी बोलले नाहीत. फक्त ते त्यांनी खोडलं नाही.

आणि खोडणार तरी कुणापुढे? घरात बायको उमाबाई होत्या, कृष्णेच्याच काठच्या वाईच्या. त्यांचे भाऊ पहिल्यांदा सांगलीला आले, तेव्हा जेवता जेवता म्हणाले होते, "आमची उमी घाटाच्या बुरुजावरून उड्या मारायची हो! मुलगे हरायचे तिच्यापुढे." उमाबाई लाजून आत गेल्या, पंत मोठ्याने हसले, आणि त्या हसण्यात कायमचे अडकले. साऱ्या गावाने हसलेलं त्यांना चाललं असतं. हिने हसलेलं चाललं नसतं.

होडीची डागडुजी पावसाळाभर आणि पुढे हिवाळाभर चालली. ज्या छपराखाली ती ठेवली होती त्यावर उमाबाईंनी दुध्या भोपळ्याचा वेल चढवला. वेलाला दोन गरगरीत भोपळे धरले. घरात भाजीची ओरड असतानाही त्यांनी त्यांना हात लावू दिला नाही.

"अगं, कोवळे आहेत तोवर चिरून टाक की," पंत म्हणाले.

"बियाला ठेवलेत."

"दोन भोपळ्यांचं बी? पेरायला डफळापूरची जमीन आणणार आहेस वाटतं!"

उमाबाईंनी सुईत दोरा ओवला. मांडीवर शीड घेऊन त्या टाके घालत होत्या. कापडाला रेशन, म्हणून संस्थानच्या एका फाटक्या राहुटीचं शीड करायचं ठरलं होतं. होडीत काय, पाण्यात काय, याविषयी त्यांनी कधी चौकशी केली नाही. एकदा तेवढं पंतांनी विचारलं, "तू येशील ना?" तर म्हणाल्या, "मला काय करायचंय होडीत?" पंतांना वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त हायसं वाटलं.

पौषात भोपळे वाळून लाकडासारखे खणखणीत झाले. उमाबाईंनी ते उतरवून माळ्यावर ठेवले. मग एक दिवस सुतळी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "जरा उभे राहा. हात वर करा."

"का?"

"पाडव्याला बंडी शिवते तुम्हाला."

त्यांनी सुतळीने पंतांची कंबर मोजली, गाठ मारली आणि सुतळी कनवटीला लावली. कापडाच्या असल्या टंचाईत आपल्याला नवी बंडी, या कल्पनेने पंत दोन दिवस खुशीत होते.

पाडव्याचा मुहूर्त गुंडाने परस्परच गावभर केला. होडी आठवडाभर उथळ पाण्यात बुडवून फुगवली होती. आता ती थेंब आत घेत नव्हती. पंतांचा बेत साधा होता. सुकाणूला गुंडा बसेल, आपण शीड धरू. काही झालंच तर गुंडा आंबी आहे. नावाड्याच्या हातून माणूस बुडत नाही. हा बेत त्यांनी इतक्या वेळा मनात घोळवला होता की झोपेतही ते गुंडाला हाका मारत असावेत.

पाडव्याला गुढी उभारून, कडुलिंब खाऊन पंत घाटावर पोचले तेव्हा तिथे ही गर्दी. होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला हार, डोलकाठीला आंब्याचा टहाळा. गुंडा गुडघाभर पाण्यात उभा राहून जमलेल्यांना पुराची गोष्ट सांगत होता. बंडी काही झाली नव्हती. पंत जुनाच सदरा घालून आले होते आणि त्याचा त्यांना थोडा राग होता.

उमाबाईंनी नदीची ओटी भरली. खण आणि नारळ पाण्यात सोडला, हळदकुंकू वाहिलं. मग फडकं झाकलेली एक पाटी उचलली आणि सरळ होडीत जाऊन बसल्या. कासोटा त्यांनी शेतकरणीसारखा वर खोचून घट्ट मारला होता. हातांत काचेच्या बांगड्या तेवढ्या होत्या. पाटल्या घरीच काढून ठेवल्या होत्या.

"तू येणार?" पंतांनी विचारलं.

"हो."

गुंडाने एक पाय होडीत टाकला.

"गुंडा, तू काठावरच थांब," उमाबाई म्हणाल्या. "दोघांपुरतीच आहे ही."

"आवं काकी, वारं लय अवखळ हाय आज."

"हे आहेत की. पुरात दोर दातात धरून गेलेले."

घाटावर सगळे कौतुकाने हसले. पंतांनी आधी गुंडाकडे पाहिलं, मग उमाबाईंकडे. इतक्या वर्षांत तिने ही गोष्ट कधी तोंडून काढली नव्हती. आज काढली ती सगळ्या गावापुढे, आणि आपला एकमेव आधार काठावर उतरवून! पण आता मागे फिरायचं तर कुठल्या तोंडाने? ते सुकाणूपाशी बसले. गुंडाने मोठ्या उत्साहात होडी लोटली.

परसात शीड उभारण्याचा सराव पंतांनी इतका केला होता की दोनदा वाळत घातलेली धुणी खाली आली होती. हातांनी आपलं काम केलं. राहुटीचं कापड एकदा फडफडलं, दोनदा फडफडलं आणि एकाएकी भरलं. होडी एका अंगाला कलली. पंतांचा जीव टांगणीला लागला, पण त्याच क्षणी होडी चालू लागली, काही न वाजवता, काही न ढकलता. घाट मागे गेला, माणसं लहान झाली. पंतांच्या डोळ्यांना पाणी आलं. भीती होतीच, पण तिच्या शेजारी तेवढाच मोठा आनंद येऊन बसला होता, आणि दोघांना जागा पुरत होती.

हरिपूरच्या बाजूचं वळण आलं. इथून घाट दिसत नव्हता. काठाला वाळू होती, पाणी तळ दिसेल इतकं नितळ होतं.

"शीड उतरवा," उमाबाई म्हणाल्या.

"इथे? का?"

"इथे कुणी नाही. पाणी कमरेएवढंच आहे."

त्यांनी पाटीवरचं फडकं काढलं. आत दोन वाळके भोपळे होते. दोन्हींना राहुटीच्या कापडाचा दुहेरी शिवलेला पट्टा घातलेला होता.

पंतांनी एका भोपळ्यावर बोटाने टकटक केली. मग नदीकडे बघून म्हणाले, "कधीपासून ठाऊक आहे?"

"लग्नानंतरच्या पहिल्या पर्वणीपासून. सगळे बुड्या मारत होते. तुम्ही तिसऱ्या पायरीवर बसून तांब्याने आंघोळ केलीत."

"मग बोलली नाहीस ती?"

"तुम्ही होडी आणली नव्हती तेव्हा."

पंतांनी सदरा काढला. घडी घालून फळीवर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा नीट घडी घातली. उमाबाईंनी पट्टा त्यांच्या कमरेभोवती घेतला आणि गाठ मारली. पट्टा बरोबर बसला. सैल नाही, घट्ट नाही.

"म्हणजे बंडी..." पंत म्हणाले.

"कापड उरलं तर शिवीन."

उमाबाई होडीच्या काठावरून अलगद पाण्यात उतरल्या, एकदा पूर्ण बुडाल्या आणि दोन हात पलीकडे वर आल्या. केस चेहऱ्यावर चिकटलेले, कुंकू पुसलेलं. तशाच त्या परत आल्या आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

पंतांनी एक पाय बाहेर टाकला. पाणी गार होतं. डाव्या हाताने त्यांनी होडीचा काठ घट्ट धरून ठेवला, आणि उजवा हात बायकोच्या हातात दिला.