चौथं पेडल

बाबांनी चामड्याचे नमुने टेबलावर पत्त्यांसारखे पसरले आणि एकेकावर अंगठा घासून पाहिला.

"हे घामाने चिकटणार," ते म्हणाले. "आणि हे दिसायला राजबिंडं, पण एकदा नख लागलं की संपलं."

"सर, सगळ्यात जास्त तेच जातं," शोरूममधली तरुणी म्हणाली.

"जात असेल. शोरूममधून नवं जातं, पुढचं काय होतं ते तुम्ही कुठे बघता?"

लेकीने ओठ दाबून हसू आवरलं. टेबलापलीकडच्या मोठ्या पडद्यावर गाडी सावकाश गोल फिरत होती. दोनच सीट, इंजिन पाठीमागे, अंग जमिनीला लागलेलं. जन्मभर काटा चाळिसाच्या वर जाऊ न देणाऱ्या माणसाने ही गाडी पसंत केली होती, हे तिला अजून खरं वाटत नव्हतं. निम्मं शहर बाबांच्या हाताखाली गाडी शिकलं होतं. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांची शिकवणीची गाडी दुरूनही ओळखू येई: छपरावर पाटी, शेजारच्या सीटपुढे जास्तीचा ब्रेक आणि त्या ब्रेकवर मास्तरांचा उजवा बूट. गुडघे बोलू लागले तशी त्यांनी शाळा बंद केली, सरावाचं मैदान विकून टाकलं आणि एका सकाळी चहा पिता पिता जाहीर केलं, की आपण स्पोर्ट्स कार घेणार.

"या माणसाने संसारसुद्धा दुसऱ्या गिअरमध्ये केला," आई म्हणाली होती. "आता उतार लागलाय, तर सुटलाय."

"रंग कोणता घेऊ या?" तरुणीने विचारलं.

बाबांनी लेकीकडे पाहिलं. "बोल."

"मी काय बोलू? गाडी तुमची."

"डोळे तुझे चांगले आहेत. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात तुझी आई."

तिने एक गडद हिरवा दाखवला. तरुणीने कळ दाबली आणि पडद्यावरची गाडी हिरवी झाली. बाबांनी मान मागे घेऊन ती एक पूर्ण फेरी फिरू दिली. "हाच," ते म्हणाले.

"गिअर ऑटोमॅटिक घ्या, सर. स्टिअरिंगच्या मागे दोन पाती असतात, नुसत्या बोटाने बदलतो. वेगही त्याच्यातच जास्त मिळतो."

"नको. क्लचवाली."

"बाबा, गुडघे."

"गुडघ्यांचं मी बघतो. तीन पेडल हवीत." मग तरुणीकडे झुकून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "चौथं बसवून मिळेल? शेजारच्या बाजूला?"

तरुणी मनापासून हसली. "तेवढं एकच आमच्याकडे मिळत नाही, सर."

"मग एवढी मोठी कंपनी करते काय?"

लेकीला हसू आलं नाही. तिने एक नमुना उचलला आणि उगाच उलटा करून पाहिला.

ती बाबांकडेच गाडी शिकली होती. बाकीच्या शिकाऊंना मास्तर चुकू देत. समोरचा ट्रक काचेत मावेनासा झाला तरी शांतपणे म्हणत, "आता काय करायचं, सांगा बरं." तिच्या वेळी मात्र चौक नुसता दिसला, की त्यांचा बूट खाली जाई. तिचा पाय ब्रेकपर्यंत पोचायचा तेव्हा पेडल आधीच दबलेलं असे. गाडी थांबे, ते खिडकीबाहेर पाहत, आणि ती गप्प राही. लायसन्स हातात पडलं त्या दिवशीही ती गप्पच होती. त्यानंतर बाबा शेजारी असताना ती कधी स्टिअरिंगवर बसली नाही. पुढे दुसऱ्या शहरातल्या ग्रंथालयात नोकरी लागली, घर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर मिळालं, आणि गाडीची गरजच उरली नाही. माहेरी आली की ती मागच्या सीटवर बसे, पुस्तक उघडून.

"जरा आत बसून दाखव," बाबा म्हणाले. शोरूमच्या मधोमध तशीच एक राखाडी गाडी उभी होती. "मी एकदा आत गेलो तर बाहेर काढायला क्रेन लागेल."

ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. सीट म्हणजे एकसंध, कडक कवच होतं; पाठ मागेपुढे होण्याचा प्रश्नच नव्हता. क्रेनचं बोलणं विसरून बाबा छपराला धरत, कण्हत शेजारच्या बाजूने आत शिरले. सवयीचा माणूस, तिला वाटलं. डावीकडची सीट रिकामी दिसली की यांना राहवत नाही.

"पाठ टेकव. क्लच दाब. पूर्ण. गुडघा वाकतोय का?"

"मला काय पुतळा म्हणून आणलंय?"

"पुतळे बडबड करत नाहीत. हात पुढे घे. मनगट टेकतंय स्टिअरिंगवर?" त्यांनी तिचा खांदा आणि सीटची कड यांच्यामधून दोन बोटं फिरवून पाहिली. मग बाहेर तोंड काढून तरुणीला म्हणाले, "सीटचं माप मी नंतर फोनवर सांगतो."

शेवटी बारीकसारीक गोष्टी उरल्या. बाबांनी जवळजवळ सगळ्यांना नाही म्हटलं. भारीतला स्पीकर नको, शिलाईवर नाव नको. एका गोष्टीपाशी मात्र ते थांबले. शेजारच्या सीटपुढे, खाली, धातूची एक तिरकी पट्टी बसवून मिळत होती. वेगात वळण घेताना शेजारच्याला पायाचा आधार मिळतो, तरुणीने सांगितलं.

"ही घाला."

"नुसता पाय टेकवायला?" लेक म्हणाली. "त्यापेक्षा स्पीकर बरा होता."

"पायाला जागा लागते. नाहीतर तो भलतीकडे जातो."

परतताना त्यांनी टॅक्सी कोपऱ्यावरच सोडली. बाबांना पायी घरी जायचं होतं. दुखऱ्या गुडघ्यांनी, पण शाळा सुटल्यासारखे ते चालत होते.

"गाडी आली की पहिल्याच रविवारी डोंगराच्या रस्त्याने जाऊ," ते म्हणाले. "वर तळ्यापर्यंत. वळणं चांगली आहेत."

"बघू. सुट्टी मिळाली तर."

"मिळेल. पुस्तकं कुठे पळून जातायत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्यांना चहासाठी उठवायला गेली. ते उठले नाहीत.

*

"बुकिंग रद्द करू," दादा म्हणाला. घरातली माणसं पांगली होती आणि खोल्या अचानक मोठ्या वाटत होत्या. "त्यांना मी समजावतो. अशा वेळी कोणी अडवत नाही."

"गाडी मी घेणार आहे."

"तू?" दादा वयाने मोठा, अंगाने बाबांच्याच घडणीचा. त्याने चष्मा काढला आणि पुन्हा घातला. "अगं, तू शेवटचं स्टिअरिंग धरलंस कधी? ती काय भाजी आणायची गाडी आहे? पाय ठेवायचा अवकाश, समोरच्या दुकानात घुसेल."

"म्हणून शिकेन."

"कोणाकडे?"

आई खिडकीपाशी बसली होती. ती मान न वळवता म्हणाली, "घेऊ दे तिला. त्यांनी मला साडीचा रंग कधी विचारला नाही, हिला गाडीचा विचारला."

त्यानंतर दर शनिवारी ती पहिल्या बसने माहेरी येऊ लागली. शिकवणीची जुनी गाडी मागच्या अंगणात उभी होती, छपरावरच्या पाटीसकट. पहिल्या दिवशी फाटकातून बाहेर पडेपर्यंत ती इतक्या वेळा बंद पडली, की शेजारचे काका दात घासता घासता कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"मास्तर असते तर फी दुप्पट लावली असती," ते म्हणाले.

"फुकट शिकवलं तेव्हाही असंच चालवत होते, काका."

तिने पुन्हा किल्ली फिरवली. चढावर गाडी मागे सरकली, तेव्हा दातावर दात धरून तिने तोच चढ परत घेतला, मग परत. मागून हॉर्न वाजले तर वाजू दिले. त्या गाडीत दोन्ही ब्रेक एकाच दांडीला जोडलेले होते. तिने आपला ब्रेक दाबला, की शेजारचं पेडलही आपोआप खाली जाई आणि सोडला की वर येई. सुरुवातीला तिची नजर तिकडे जात राहिली. मग तिने बघायचं सोडून दिलं. उन्हाळा सरेपर्यंत क्लच कुठे पकडतो ते तिच्या टाचेला कळू लागलं होतं.

*

गाडी राखाडी कापडाखाली उभी होती. शोरूममधल्या त्याच तरुणीने कापड ओढलं आणि हिरवा रंग उजेडात आला, पडद्यावरच्यापेक्षा गडद. लेकीने बोनेटवर हात ठेवला. गार होतं.

"छान आहे," दादा जरा दबून म्हणाला. मग किल्लीसाठी हात पुढे केला. "हे बघ, घरापर्यंत मी घेतो. गर्दीचा रस्ता आहे. उद्या मोकळ्यावर तू हवी तेवढी चालव."

"दादा."

"हट्ट करू नकोस. आईला मी शब्द देऊन आलोय."

त्याने दार उघडलं, एक पाय आत टाकला आणि स्वतःला खाली सोडलं. मध्येच अडकला. एका कुशीवर वळून पाहिलं, श्वास आत ओढून पाहिला. सीटच्या दोन्ही कडा त्याला मांड्यांशी धरून होत्या.

"ही मागे होत नाही?"

"होते, सर, पण रुंद होत नाही," तरुणी म्हणाली.

"ही सीट आहे की सुपारीचा अडकित्ता? बनवलीय कोणासाठी?"

तरुणीने एकदा लेकीकडे पाहिलं. "दोन मापं असतात. मोठ्या सरांनी त्याच संध्याकाळी फोन करून या बाजूला लहान सांगितलं. मी म्हटलं, सर, हे तुम्हाला बसणार नाही. ते म्हणाले, ठाऊक आहे."

दादा दाराची चौकट धरून, फुत्कारत बाहेर आला. त्याने शर्ट खाली ओढला आणि किल्ली तिच्या हातात ठेवली.

ती आत बसली. पाठ टेकली. खांद्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटांची जागा उरली. क्लच पूर्ण दाबला तरी गुडघा जरासा वाकलेलाच राहिला. मनगट स्टिअरिंगवर टेकलं. तिने आरशाला हात लावला, तेवढंच.

दादा पलीकडून आला. भीत भीत त्याने शेजारच्या सीटवर अंग सोडलं आणि चकित होऊन इकडेतिकडे पाहिलं.

"ही मोठी आहे," तो म्हणाला. "या बाजूची."

"हो."

"म्हणजे ते..."

"पट्टा लाव, दादा."

इंजिन पाठीमागे गुरगुरलं, थेट मणक्यात. दाराशी पहिल्यांदा गाडी बंद पडली. पहारेकऱ्याने सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. तिने न्यूट्रल केलं, परत सुरू केली आणि उतारावरून रस्त्यावर घेतली. दुपारचं ऊन काचेवर होतं. बसमधली माणसं खाली वाकून बघत होती. दुसरा गिअर, मग तिसरा. तिने अजून पायाला फारसं काही सांगितलंच नव्हतं, तरी रस्ता भराभर जवळ येत होता.

पहिला चौक दिसला. दिवा पिवळा. तिचा पाय ब्रेककडे वळला, तोच शेजारी खाली 'ठण्' असा आवाज झाला. दादाचा उजवा बूट त्या धातूच्या पट्टीवर दाबून बसला होता.

गाडी रेषेच्या अलीकडे थांबली. ती थांबवली होती तिने.

"आपोआप गेला," दादा ओशाळून म्हणाला. "बरं झालं, इथे काहीतरी आहे तरी."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. दिवा हिरवा झाला, मागून कोणीतरी हॉर्न दिला आणि तिने क्लच सोडला.

पुढचा रस्ता रुंद होता. डावीकडे झाडांची सावली एकसारखी काचेवरून सरकत गेली. मग वळण, आणि वळणापलीकडे बराच दूर दुसरा चौक. दिवा लाल होता, एक ट्रक आडवा जात होता, अजून पुष्कळ रस्ता मध्ये होता.

ठण्.

तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. तिने नजर रस्त्यावरून हलवली नाही. पाय ब्रेकवर आणला, पण अजून दाबला नाही.

"बाबा, पाय काढा," ती म्हणाली. "चौक मला दिसतोय."