पहिला घोट ह्यांचा

आमच्या घरात त्या पेयाला नाव नाही. हॉटेलात त्याला काहीतरी लांबलचक म्हणतात, मेनूकार्डावर वाचलंय मी. घरात सगळे नुसतं 'दादाचं' म्हणतात. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या की ह्यांची भावंडं, त्यांची मुलंबाळं आमच्याकडे जमतात, आणि चपला काढता काढता विचारतात, "दादाचं झालं का?" माझी चौकशी नंतर, आठवलं तर.

हे एका हॉटेलात स्टोअर सांभाळायचे, तिथल्या बारवाल्याकडून शिकून आले. गार कडक कॉफी, दाट क्रीम, चॉकलेटची लिकर, रम, वर आइस्क्रीमचा गोळा आणि किसलेलं जायफळ. जेवणानंतर गोड म्हणून हेच. एरवी ह्यांना घरात मीठ सापडायचं नाही, पण त्या दिवशी मला ओट्यापाशी फिरकू द्यायचे नाहीत. आणि एक नियम. सगळ्यांच्या हातात ग्लास गेले तरी कुणी तोंडाला लावायचा नाही. पहिला घोट ह्यांचा. हे घोट घेणार, डोळे मिटून मोठा विचार केल्याचा आव आणणार आणि म्हणणार, "होऊन जाऊ दे." मग बाकीचे तुटून पडणार. मला दरवर्षी हा सगळा तमाशा वाटायचा, आणि मी तो तसा बोलूनही दाखवायचे.

यंदा ह्यांना अर्धांगाचा झटका आला. हात आला, पाय आला, बोलणं तुटक का होईना आलं. गिळणं काही नीट आलं नाही. पातळ काही घेतलं की ते पोटात जायच्याऐवजी फुप्फुसात उतरतं. एकदा उतरलं होतं, साधं पाणी, मीच पाजलेलं. मग ताप, न्यूमोनिया, नाकातोंडात नळ्या. घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की पुन्हा असं झालं तर ह्यांची छाती साथ देणार नाही.

गिळणं शिकवायला एक बाई येतात. त्यांनी एक पावडर दिलीय. चहा असो, सूप असो, तिनं घट्ट करायचं आणि चमच्यानं भरवायचं. चमचा तिरका केला तर टपकता कामा नये, गोळ्यानं पडायला हवं. हनुवटी छातीशी न्यायची, गिळायचं, मग पुन्हा एक कोरडा आवंढा. जाता जाता बाई म्हणाल्या, "खोकला आला तर घाबरू नका, खोकला चांगला. ह्यांना तो येईलच असं नाही. चुकीच्या वाटेनं गेलं तरी कळत नाही. दोन-तीन दिवसांनी ताप चढतो, तेव्हा कळतं."

आता बोला. जे दिसत नाही, ऐकू येत नाही, त्याच्यावर मी पहारा ठेवायचा.

मी म्हटलं, यंदा जमणंबिमणं काही नको. हे म्हणाले, "नाही." हा एक शब्द ह्यांना फार स्वच्छ येतो. मी पुन्हा समजावलं, तर म्हणाले, "पहिला... माझा," आणि रडायला लागले. इतक्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी हात टेकले. बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "दारू नाही आणि आइस्क्रीम तर मुळीच नाही. ते दिसतं घट्ट, पण तोंडात गेलं की त्याचं पाणी होतं. बाकीचं घट्ट करून दोन-चार चमचे द्या." मग रोज दुपारी आमचा सराव सुरू झाला. घट्ट कॉफीचा एक चमचा, हनुवटी खाली, आवंढा, आणि मग, "होऊन जाऊ दे." 'होऊन' यायचं, 'दे' यायचं, मधलं 'जाऊ' कुठेतरी अडकून बसायचं. आम्ही दोघं त्या 'जाऊ'च्या मागे हात धुऊन लागलो होतो.

त्या दिवशी ह्यांनी खुर्ची ओट्याला लावून घेतली आणि एका बोटावर मला नाचवलं. रम ओतताना मी थांबले की बोट म्हणायचं, अजून. क्रीम जोरात ढवळलं की बोट म्हणायचं, हळू. मी म्हटलं, "अहो, इतकं कळतंय तर उठून करा ना." तर हसले. हसू आता अर्ध्याच तोंडावर येतं, पण आलं.

शेवटी ह्यांचा ग्लास वेगळा केला. कॉफी, क्रीम, चॉकलेट, पावडर. पावडर टाकली की थांबावं लागतं, घाई करून वर आणखी टाकली तर सिमेंट होतं. थांबले. चमचा तिरका केला, गोळ्यानं पडलं. ह्यांनी ग्लासात डोकावून पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"खळ," हे म्हणाले.

"खळ तर खळ," मी म्हटलं. पण जिवाला लागलंच. मग मी रमच्या बुचाला बोट लावलं आणि ते ह्यांच्या ग्लासाच्या काठावरून फिरवलं. तेवढा वास तरी मिळावा म्हणून.

बाहेर सगळे दाटीवाटीनं बसले होते. ते आल्याआल्याच मी सगळ्यांना बजावलं होतं, "ह्यांना पातळ काही द्यायचं नाही. घट्टच चालतं, आणि तेही मी भरवणार." माना डोलल्या होत्या. ह्यांना इस्त्रीचा शर्ट घालून मधल्या खुर्चीवर बसवलं, शेजारच्या तिपाईवर ग्लास आणि चमचा ठेवला. बाजूला वन्सं बसल्या. ह्यांची ही धाकटी बहीण, भावावर जीव टाकणारी. भाऊजी आइस्क्रीमचा डबा घेऊन फिरले, एकेकाच्या ग्लासात गोळा टाकला, आणि डबा आणून तिपाईवरच ठेवला. मी चमचा उचलणार, तोच ह्यांनी माझ्याकडे पाहून बोटं एकमेकांवर घासली.

जायफळ. राहिलंच होतं.

"आलेच," म्हणून मी आत गेले. किसणी जागेवर नव्हती. पाहुणे येऊन भांडी लावून गेले की माझ्या घरात मलाच वस्तू सापडत नाहीत. करवादत सगळे खण उघडले, सापडली एकदाची, आणि जायफळ आणि किसणी घेऊन मी दारात आले.

ह्यांच्या ग्लासात पांढराशुभ्र गोळा तरंगत होता. वन्संच्या हातातला चमचा ह्यांच्या तोंडात होता.

"थांबा," मी म्हटलं. चमचा बाहेर आला तो स्वच्छ.

किसणी कुठे टाकली आठवत नाही. ह्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसले. ओठ घट्ट मिटलेले होते. गिळलं नव्हतं अजून. आत ते वितळत असणार, त्याचं पाणी होत असणार. मी ह्यांच्या हनुवटीखाली ओंजळ धरली.

"अहो, थुंका. माझ्या हातावर थुंका."

सगळे ग्लास हातात धरून उठून उभे राहिले.

"काय झालं गं वहिनी?" वन्संचा चेहरा पडला. "दादानंच डब्याकडे बोट दाखवलं. आणि घट्टच आहे ना ते? त्याच्याहून घट्ट काय असतं?"

मी ह्यांच्याकडेच बघत होते. "थुंका हो. कुणी काही म्हणत नाही." ह्यांनी माझ्या ओंजळीकडे पाहिलं. मग वर पाहिलं, बहिणीकडे, भावाकडे, पुतण्या-भाच्यांकडे. मग शिकवल्याप्रमाणे शहाण्या मुलासारखी हनुवटी छातीशी नेली आणि गिळलं. पुन्हा एक कोरडा आवंढा. माझी ओंजळ तशीच रिकामी.

मी वाट पाहिली. खोकला आला नाही.

ह्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "होऊन जाऊ दे." तुटलं नाही, अडकलं नाही, 'जाऊ'सकट सगळं लख्ख.

घर डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. भाऊजींनी शिट्टी मारली, वन्सं रडायला लागल्या, ग्लासावर ग्लास आपटले. "बघ, वहिनी उगाच घाबरते," कुणीतरी म्हणालं. त्यांना वाटलं, ठसका नाही म्हणजे सगळं सुरळीत. मी त्या गलक्यात ह्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"आइस्क्रीम चालत नाही, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"हो."

"म्हणून मला आत पाठवलंत?"

ह्यांनी वन्संच्या हाताला हात लावला आणि दुसऱ्या चमच्यासाठी तोंड उघडलं. वन्संनी डोळे पुसत चमचा भरला.

चारचौघांत मी काय करणार होते? बहिणीच्या हातातून चमचा हिसकावला असता तर यंदाची सगळी सुट्टी त्यावरच गेली असती, आणि समजावायला बसले असते तर तोवर चमचा तोंडात गेला असता. मी तो वन्संच्या हातून हळूच काढून घेतला आणि माझ्या तोंडात घातला. मग तिपाईवरचा ग्लास उचलला आणि खळ, आइस्क्रीम, काठावरचा रमचा वास, सगळं तिथल्या तिथे उभ्यानं संपवलं. घट्ट होतं, घशाखाली उतरेना, तरी संपवलं. आयुष्यात मी 'दादाचं'ला तोंड लावलं नव्हतं.

लोक हसून हसून लोळले. "वहिनी, दादाच्या वाटचंसुद्धा?" भाऊजी म्हणाले. "इतकी वर्षं नाही नाही म्हणत होतीस." कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

हे हसले नाहीत. रिकाम्या ग्लासाकडे बघत राहिले, आणि उघडलेलं तोंड जरा वेळानं मिटलं.

मी खुर्चीमागे उभी राहिले आणि ह्यांच्या पाठीवर तळवा ठेवला, बाईंनी दाखवलं होतं तसा. आत काही घरघरतंय का, श्वास नेहमीसारखा आहे का, ते बघत होते. पण खोलीत सगळे इतके हसत होते की मला काही ऐकूच येईना.