किल्ली सुटेना

"ओ ड्रायव्हर, न्यूट्रलला टाका अन् उतरा खाली! हितं समदे न्यूट्रललाच लावत्यात!"

मागून पाणी घेऊन आलेला टँकरवाला ओरडत होता. भिंगारच्या त्या समाजमंदिरामागचं मैदान म्हणजे कसलं मैदान, दोन बैलगाड्या वळल्या तरी पुष्कळ. लग्नाच्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या. मधल्याला बाहेर पडायचं झालं, तर चौघांनी पुढची गाडी ढकलून वाट करायची, ही तिथली रीत. म्हणून जो तो गाडी न्यूट्रलला सोडून, किल्ली खिशात घालून मांडवात जायला मोकळा.

कारभारीनं गिअरची दांडी न्यूट्रलला ओढली, इंजिन बंद केलं आणि किल्ली ओढली. निघेना. निघणार नाही हे त्याला ठाऊकच होतं. पण आज पोरीचं लग्न, आजच्या दिवस तरी गाडी माणुसकी दाखवील, असं त्याला उगाच वाटून गेलं होतं.

गाडी काकासाहेबांची, त्याच्या मालकांची. श्रीगोंद्याच्या काकासाहेबांच्या भावानं ती सिंगापूरहून आणली होती आणि आपोआप गिअर बदलणारी अशी गाडी तालुक्यात दुसरी नाही, असं काकासाहेब पाहुण्यारावळ्यांना ऐकवायचे. तिची तऱ्हाच वेगळी. ब्रेक दाबल्याशिवाय दांडी जागची हलायची नाही, आणि दांडी पार्किंगला गेल्याशिवाय किल्ली सुटायची नाही. ड्रायव्हर म्हणून पहिल्याच दिवशी हे कळलं तेव्हा कारभारी खूश झाला होता. कारण तो स्वतः तसलाच. दुधानं तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी हा जन्मभर ताक फुंकूनच पीत आलेला. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणार आणि चौथ्यांदा बायकोला ओढायला लावणार!

काकासाहेब त्याच्याही वरताण. गाडी देताना म्हणाले होते, "लेकीचं लग्न हाय, ने. पर किल्ली तुझ्या हातातून सुटली, तर सोमवारपासून दुसरी नोकरी बघायची."

आता दांडी पार्किंगला टाकावी तर चाकं जाम, टँकर अडकला. न्यूट्रलला सोडावी तर किल्ली गाडीतच. बाहेर रस्त्यावर लावावी तर भिंगारच्या छावणीतले लष्कराचे ट्रक धडधडत जाणार. कारभारी स्टेअरिंग धरून बसून राहिला.

तेवढ्यात छगन आला. कलाबाईचा, म्हणजे कारभारीच्या बायकोचा, धाकटा भाऊ. टेम्पो चालवायचा. खिडकीत डोकं घालून म्हणाला, "दाजी, तुमी जावा की आत. मी बसतो हितं."

कारभारीनं त्याच्याकडं निरखून बघितलं. सकाळीच यानं विचारलं होतं, 'दाजी, येक चक्कर मारू का?' मागं एकदा न विचारता कारभारीची नवी सायकल नेली होती, ती रिम वाकडी करून आणली होती. आणि तो टँकरवाला याच्याकडं बघून हसला का? दोघांचं आधीच ठरलंय की काय?

"काय नडलं न्हाई. तू जा," कारभारी म्हणाला.

मग कलाबाई आली. नव्या लुगड्यात घामानं भिजलेली, ओच्यात फुलं.

"अवो, बौद्धाचार्य थांबल्यात. समदे इचारत्यात, पोरीचा बाप कुठंय?"

"गाडी सोडून कसा येऊ? किल्ली निघंना."

"मंग छगनला बसवा."

"न्हाई जमायचं."

"अन् बापाच्या जागंवर कुनाला उबं करू?"

कारभारी म्हणाला, "छगनला कर उबं. मामा हाय तो."

कलाबाईचा हात कमरेवर गेला. "वा रं वा! पोरगी त्याच्या हाती देता, अन् किल्ली देत न्हाई?"

कलाबाईनं ओंजळभर झेंडूची फुलं शेजारच्या सीटवर टाकली आणि मागं वळूनही न बघता निघून गेली.

कर्ण्यावरून सारं ऐकू येत होतं. त्रिशरण झालं, पंचशील झालं. लेकीला, माधुरीला, प्रतिज्ञा म्हणायला सांगितली तेव्हा तिचा आवाज पहिल्या शब्दालाच अडकला. लहानपणी शाळेत कविता म्हणताना अडकायचा, तसाच. उतरावं, धावत जावं, गेली नोकरी तर जाऊ दे! त्यानं दार उघडलंसुद्धा. पण टँकरवाला गाडीकडंच बघत होता. कारभारीनं दार पुन्हा लावून घेतलं.

'साधू, साधू, साधू' झालं. मांडवात फुलं उडाली असणार. कारभारीनं शेजारची फुलं मुठीत घेतली आणि बसल्या जागी समोरच्या काचेवर उधळली. ती काचेवर आपटून त्याच्याच मांडीवर, सीटवर, पायांत पडली. म्हातारपणाकडं झुकलेला माणूस बंद गाडीत एकटा रडला. कुणाला दिसलं नाही, म्हणजे त्यानं आधी आरशात बघून खात्री करून घेतली होती.

संध्याकाळी तोच नवरानवरीला केडगावला घेऊन निघाला. पाठराखा म्हणून छगन पुढं बसला होता. नगर ओलांडल्यावर मागून माधुरीनं हळूच विचारलं, "अप्पा, तुमी कुठं हुता?"

"हितंच हुतो की."



नवऱ्याच्या दारात बायका तांब्या घेऊन उभ्या होत्या. जोडपं उतरलं. कारभारीनं दांडी पार्किंगला सरकवली. पार जाईना. किल्ली ओढली. निघेना!

"छगन्या, हात लावलास काय रं?"

"आईशप्पथ न्हाई, दाजी!"

कारभारीनं वाकून बघितलं. दांडीच्या खाचेत झेंडूचं एक फूल देठासकट रुतून बसलं होतं. त्यानंच उधळलेलं. नखानं टोकरून त्यानं ते बाहेर काढलं. दांडी खटकन पार्किंगला गेली आणि किल्ली अलगद हातात आली.

तो थोडा वेळ किल्लीकडं बघत राहिला. मग ती छगनपुढं धरली.

"धर. गाडीपाशी थांब."

"पर काकासाहेब..."

"धर म्हन्लं ना!"

कारभारी उतरला. उंबऱ्याशी माधुरी पायावर पाणी घेत होती. बायका बाजूला सरल्या. चुरगळलेलं, तेलकट झालेलं ते एकच फूल; ते उधळायचं कसं? त्यानं ते तिच्या डोक्यावर ठेवलं आणि पडू नये म्हणून हात तिथंच धरून ठेवला.