घरचं नाव

“फिरदौस आपा, तुमच्या ऑनलाइन कॉलेजातली पोरं कधी कुणाला दिसत का नाहीत? ती काय कॉम्प्युटरातच राहतात?”

प्रश्न टाकून जिक्रा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मागे जिन्यात दबा धरून बसलेल्या तिच्या मैत्रिणी अनीसा आणि रुपी फिस्सकन हसल्या. पैज त्यांचीच होती. “आपाला तोंडावर विचारून दाखव, मग मानू तुला!” आणि हल्ली जिक्राला कुणी नुसतं ‘दाखव’ म्हटलं, की दाखवल्याशिवाय तिला चैनच पडत नसे. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून अकरावीतल्या या मुलीचा आवाज ना घरात मावत होता, ना वर्गात.

फिरदौस तिची मावसबहीण. जव्हारच्या बाजारपेठेत कापडदुकानाच्या माडीवर हे केंद्र होतं, ते तीच सांभाळायची. सहा कॉम्प्युटर, गच्चीवर एक डिशची तबकडी आणि मुंबईतले बी.कॉम.चे तास थेट पडद्यावर. पाड्यांवरच्या मुलांची फी आणि येण्याजाण्याचा खर्च मुंबईचा एक ट्रस्ट द्यायचा.

जिक्राला वाटलं होतं, आपा चिडेल. आपा चिडली नाही. तिनं शेजारच्या खुर्चीकडे बघून विचारलं, “रंजना, आवाज येतोय ना नीट?”

झालं! जिक्राचे कमरेवरचे हात खाली आले.

कारण ती खिडकीजवळची खुर्ची जिक्राची होती. आठवीपासून त्याच खुर्चीवर बसून ती टायपिंग शिकली होती. आपा तिच्या बोटांवर पट्टी मारायची आणि नंतर आपल्याच कपातला चहा बशीत ओतून द्यायची. आता तिथं जामसरची रंजना बसायची, कानाला हेडफोन लावून. शाळेत जिक्राच्या दोन वर्षं पुढे होती. बोलायची कमी, हसायची त्याहून कमी. आणि आपा तिला काय म्हणायची? “माझी हुशार पोरगी.” आपाचा कपसुद्धा आता रंजनाच्याच टेबलावर असायचा.

“प्रश्न चुकीचा नाही तुझा,” आपा म्हणाली. “शनिवारी ताम्हाणे मॅडम येतायत ट्रस्टकडून, हाच प्रश्न घेऊन.”

“म्हणजे?”

“म्हणजे एका केंद्रात एजंटनं लबाडी केली. दिवाळी झाली की माणसं वीटभट्टीवर जातात ना? त्यांच्या पोरांची नावं घालून ठेवली. आणि कॅमेऱ्यासमोर बसायला भाड्याच्या मुली! नाव एकीचं, तोंड दुसरीचं. मदत एजंटच्या खिशात. म्हणून आता मॅडम पाड्यावर जाऊन शेजाऱ्यांना विचारणार. केंद्रातल्या माणसानं सोबत जायचं नाही, असा नियम आहे. वाट दाखवायला आणि बोली समजायला बाहेरचं कुणीतरी हवंय.” आपानं तिच्याकडे रोखून बघितलं. “जाशील? तुझं तोंड कधीतरी कामी येऊ दे.”

जिन्यातलं हसू बंद झालं. जिक्राची मान मात्र वीतभर उंच झाली.

शनिवारी जीप निघाली. पुढे ताम्हाणे मॅडम, मागे जिक्रा. मॅडम बारीक चणीच्या, कानात मोत्याच्या कुड्या. धुळीत सारख्या शिंकायच्या आणि प्रत्येक शिंकेनंतर ‘सॉरी’ म्हणायच्या, ड्रायव्हरलासुद्धा. जिक्राला त्या आवडल्या. तिनं वाटेत त्यांना शिरपामाळ दाखवलं, शिवाजी महाराज तिथं थांबल्याचं सांगितलं, आणि सांगता सांगता आपलं स्पर्धेतलं भाषणही अर्धं म्हणून दाखवलं.

साखरशेतला तर तिनं कमालच केली. त्या लबाड एजंटच्या यादीतल्या नितीनचं घर सापडलं. त्याचा काका अंगणात दोर वळत बसला होता. मॅडमनी शुद्ध भाषेत काय काय विचारलं, तो नुसती मान हलवत राहिला. मग जिक्रा पुढे झाली.

“काका, नितीन कालेजात जातो का?”

“कालेजात?” काका पोट धरून हसायला लागला. “तो गेला ना भिवंडीला, भट्टीवर. आठवीतच सोडली त्यानं शाला. कोन बोलला कालेजात जातो?”

“मग त्याचे कागद कुणी नेले होते का?”

“नेले ना. एक मोटरसायकलवाला आलेला. बोलला, घरकूल भेटंल.”

मॅडमनी जिक्राच्या पाठीवर थाप मारली. “तू नसतीस तर मी ‘हो’ समजून निघाले असते गं!” जीपमध्ये बसल्यावर म्हणाल्या, “तुझ्यासारखी मुलगी आम्हाला हवी. बारावी झालीस की तुझी फी ट्रस्ट भरेल. नाव मी स्वतः सुचवते.”

जिक्राला वाटलं, जीपच्या टपावर चढून ओरडावं.

जामसरला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. पाड्यावरची निम्मी घरं बंद होती, दारांना काट्या लावलेल्या. एका खळ्यावर रामी नावाची बाई नाचणीची कणसं काठीनं झोडत होती. तिच्या केसांत, भुवयांत सगळा भुस्सा.

“मावशी, रंजना दिघा इथंच राहते ना?” मॅडमनी विचारलं.

रामीनं काठी थांबवली. “कोन?”

“रंजना.”

“रंजना कोनी नाय आमच्या पाड्यात.” तिनं पलीकडच्या बाईला हाक मारली, “गे पोशे, रंजना हाय का कोन?” पोशीनंही हात हलवला. नाय.

मॅडमनी पर्समधून फोटो काढला. रामीनं तो लांब धरला, मग जवळ घेतला आणि तिचा चेहरा खुलला.

“ही त काळी! आमच्या पाड्याची काळी. कवढी गोरी काढलीय गे फोटूत!”

“नक्की? हिचं नाव काळी?”

“मंग? माज्या हातावर जन्मली ती. मी नाय वळखनार?”

मॅडमनी फोटो परत घेतला. त्यांचा चेहरा पडला होता. जिक्राला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, “बघितलंस? फोटो काळी नावाच्या मुलीचा, आणि नाव भलतंच. अगदी त्या केंद्रासारखंच. म्हणजे कॅमेऱ्यासमोर बसते ती भाड्याची.” मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, “का गं, काळी आणि रंजना एकच असेल असं काही? तुला माहीत आहे?”

माहीत होतं.

जिक्राच्या अब्बांचं, मंसूर टेलरांचं दुकान बाजारात होतं. शाळेचे गणवेश तेच शिवायचे. दोन वर्षांपूर्वी रंजना आईबरोबर माप द्यायला आली होती. अब्बांनी नाव विचारलं. आई म्हणाली, “काळी.” मुलगी म्हणाली, “रंजना.” अब्बा टेप गळ्यात घालून दोघींकडे बघत राहिले. मग रंजनाच लाजत म्हणाली, “शाळेत गुरुजींनी घातलेलं नाव आहे. पाड्यात कोणाला माहीत पण नाही. घरी काळीच.” त्यावर जिक्रा खो खो हसली होती, आणि रंजनाही हसली होती.

सगळं आठवलं, तिच्या हसण्यासकट. आणि त्याच्याच जोडीला आपाचा कप आठवला. ‘माझी हुशार पोरगी.’

“मला नाही माहीत, मॅडम,” जिक्रा म्हणाली.

किती सोपं गेलं! जीभ अडखळली नाही, कान तापले नाहीत. रामी पुन्हा नाचणी झोडायला लागली होती. जाताना तिनं विचारलं, “काळीचं काय काम होतं? बरं हाय ना तिचं?” उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही.

पुढचे काही दिवस जिक्रा हवेत होती. अम्मीचं मोहल्लाभर सांगून झालं, “हमारी जिक्राला मुंबईच्या मॅडमनी निवडली!” अब्बा गिऱ्हाइकांचे खांदे मोजता मोजता तेच सांगायचे. ट्रस्टनं रंजनाचं नाव काढलं आणि तिची खुर्ची रिकामी झाली. जिक्रा एकदा जाऊन बसलीसुद्धा तिथं. आपानं वर बघितलं नाही. चहाही विचारला नाही. ती पडद्याकडे तोंड करून बसून राहिली होती, आणि पडदा बंद होता.

“आपा, असं काय? भाड्याचीच होती ना ती?”

“मी ट्रस्टला दोनदा सांगितलं, मुलगी खरी आहे म्हणून,” आपा म्हणाली. “माझं कोण ऐकणार? ॲडमिशन मीच दिलेली. मी तर तसं म्हणणारच.”

गुरुवारी बाजाराच्या दिवशी जिक्रा दुकानात काजं करत बसली होती, तर समोर रंजना. अंगावर अब्बांनीच शिवलेला जुना गणवेशाचा कुर्ता. हातात पिशवी.

“चाचा नाहीत?”

“नमाजला गेलेत.” जिक्राच्या बोटात सुई गेली.

“या ओढणीला पिको करून ठेवायला सांग. परवा आम्ही निघतो, बाबाबरोबर भट्टीवर. त्याआधी भेटलं तर बरं.” मग ती काउंटरला टेकली. शाळेत कधी एवढं बोलली नसेल इतकं बोलली. “रामीकाकी रडते गं रोज. बोलते, मी फोटू वळखला म्हणून तुझं कालेज गेलं. मी बोलले, काकी, तू खरंच तर सांगितलंस. वळखला नसता तर माझं मन दुखलं असतं.”

जिक्रानं काजाचा टाका दुसऱ्यांदा उसवला.

“तू होतीस ना गाडीत?” रंजना म्हणाली. “मला कळलं तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, जिक्राला माहीत आहे माझं घरचं नाव, तिनं सांगितलं असेल. पण मोठी माणसं पोरीचं कुठं ऐकतात? तू वाईट वाटून घेऊ नको हां.”

एवढं बोलून ती गेली. तिनं तिरस्कारानं बघितलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तर जिक्रानं दहा दिल्या असत्या. तोंडाला तोटा नव्हता तिच्या! पण हिनं तर समजूत काढली. हेवा वाटावा अशी आणखी एक गोष्ट करून गेली. जिक्राला तिचा इतका राग आला, इतका राग आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

संध्याकाळी जेवणाचं दस्तरखान अंथरलं तेव्हा जिक्रा जेवायला बसलीच नाही. उभीच राहिली, स्टेजवर राहायची तशी. फक्त या वेळी हात कुठं ठेवावे ते तिला कळेना.

“अब्बा, अम्मी, मला बोलायचंय.” आणि तिनं सांगितलं. माप, नाव, फोटो, रामी, सगळं. मध्ये एकदाही आवाज चढवला नाही.

अम्मीचा हात भाकरीवर तसाच राहिला. अब्बांनी चष्मा काढला.

“या अल्ला,” अम्मी म्हणाली. “आता गं? तुझी फी? मी सगळ्यांना सांगून बसले!”

“बेटा,” अब्बा हळूच म्हणाले, “मॅडमना कळवू आपण. त्या पोरीचं भलं व्हायलाच पाहिजे. पण असं म्हण ना, की तेव्हा ध्यानात आलं नाही, नंतर आठवलं. झूट कुठं आहे त्यात मोठं? तिचंही काम होईल, तुझंही राहील.”

“दुपारपासून तोच विचार करतेय मी, अब्बा.”

“मग?”

“मग ती मला आयुष्यभर चांगली समजत राहणार. आणि मी तिच्यावर जळतच राहणार.” जिक्रानं ओढणीनं नाक पुसलं. “मॅडम पुढची केंद्रं तपासायला मोखाड्याच्या सरकारी विश्रामगृहात उतरल्यात, उद्यापर्यंत आहेत. सकाळच्या एस.टी.नं मी जाणार. रामीकाकीला नेणार, आपाला नेणार आणि रंजनालाही. आणि तिला शेजारी बसवून मॅडमना सांगणार, की मला माहीत होतं, मी मुद्दाम सांगितलं नाही.”