मोटारीचा आशीर्वाद

दलालाच्या आवारात पाय ठेवायला जागा नव्हती. विकायला उभ्या असलेल्या बाकीच्या गाड्यांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे एकाच मोटारीवर होते. काळीभोर, ऐसपैस, चामड्याच्या सीटांची, लाकडी डॅशबोर्डाची, बंद टपाची जुनी इंग्रजी मोटार. एकेक जण चालकाच्या जागी बसायचा, डोळे मिटायचा आणि काहीच न घडल्यामुळे खजील होऊन उतरायचा.

"गाडी आपण निवडत नाही, गाडी आपल्याला निवडते," दलाल मागच्या मडगार्डला रेलून सांगत होता. "हिच्या जुन्या ड्रायव्हरचा जीव हिच्यातच अडकलाय. योग्य माणूस बसला की ही हात उचलते."

मग माझा मोठा भाऊ बसला. खट्‌कन आवाज झाला आणि दारामागच्या खांबातून वळण दाखवणारा पिवळा हात बाहेर येऊन पेटला. माणसांनी चक्क मोटारीला हात जोडले. मला हसू येत होतं, पण दादा ढसाढसा रडायला लागला आणि माझं हसू विरलं.

तो जुना ड्रायव्हर म्हणजे आमचे वडील, अण्णा. मालकांना सोडून येताना आमच्या कोपऱ्यावर ते हाच हात वर करून आम्हा पोरांना सलाम करायचे. पुढे दादाने ड्रायव्हर व्हायचं नाकारून लाँड्री काढली. अण्णांनी त्याच्याशी बोलणं टाकलं ते शेवटपर्यंत. आता दादाला वाटत होतं, अण्णांनी माफ केलं.

त्यानंतर दादाचा पाय एका जागी ठरेना. ताटावरून उठायचा, दारापर्यंत जायचा, परत यायचा. इस्त्री करता करता एका गिऱ्हाइकाचा सदरा जाळला. लाँड्री विकून मोटार घ्यायची, असं त्याने ठरवलं होतं आणि संध्याकाळी लाँड्री घेणारा येणार होता. त्याच्या आणि माझ्या, दोन्ही घरांच्या चुली त्या लाँड्रीवर पेटत होत्या. मोटार काय पेट्रोल पिऊन आम्हाला भाकरी देणार होती?

"अण्णांचा सलाम त्या दलालाला कसा ठाऊक?" मी विचारलं.

"आत्म्याने सांगितला," दादा म्हणाला.

"तुम्ही सांगितलात," वहिनी म्हणाली. ती शाळेत विज्ञान शिकवते. "गाडी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हाच, तिच्यावर हात फिरवत. मी शेजारीच होते."

तिने मळक्या कपड्यांचं एक बोचकं उचललं आणि आम्हाला घेऊन तडक आवारात गेली. बोचकं चालकाच्या जागी ठेवलं. आत्मा कोपेल, अशी ताकीद दलालाने दिली. वहिनीने ती ऐकून घेतली आणि इंजिन बघायचंय, बॉनेट उघडा, असं सांगितलं. गाडी विकणारा त्याला नाही कसं म्हणणार? तो पुढे गेला आणि वहिनी त्याच्या जागी मडगार्डला रेलली. तिचा हात मडगार्डच्या कडेखाली गेला.

खट्‌. पिवळा हात वर आला. बोचक्याला आशीर्वाद मिळाला.

कडेखाली घराच्या बेलचं साधं बटण होतं. वहिनीने जमलेल्यांना वर्गातल्यासारखं समजावलं. हाताच्या बुडाशी तारेचं वेटोळं असतं, त्यातून वीज वाहिली की त्याचं लोहचुंबक होतं, ते लोखंडी दांडी ओढतं आणि हात उचलला जातो. खरं बटण चालकापाशी असतं; या दलालाने तिथून मागे एक तार ओढली होती. मी बॅटरीची तार सोडली आणि आत्म्याला बोलवा, असं दलालाला म्हटलं. त्याने बॉनेट धाडकन लावून टाकलं.

लोक हळूहळू पांगले. दादा मात्र बोचकं पोटाशी धरून मोटारीच्या पायरीवर बसला.

"म्हणजे अण्णा माझ्याशी बोललेच नाहीत," तो म्हणाला.

वहिनी त्याच्याजवळ बसली. "ड्रायव्हरचा गणवेश ते कुठे धुवायला टाकायचे?"

"आपल्याकडेच. स्वतः आणून काउंटरवर ठेवायचे. तोंडातून शब्द नाही."

"समोर दुसरी लाँड्री होती. मालकांचे सगळे कपडे तिथे जायचे. स्वतःच्या गणवेशासाठी अण्णांनी तो रस्ता कधी ओलांडला?"

दादाने बोचकं बाजूला ठेवलं. मग डोळे पुसून उठला आणि लाँड्री घेणाऱ्याला नको म्हणून सांगायला निघाला.

मला दलालाचा राग आहेच, पण आपला जास्त आहे. आपलं दुखणं आपणच परक्याला सांगतो आणि त्याने तेच परत ऐकवलं की चमत्कार म्हणतो. हात जोडण्याआधी मडगार्डखाली हात घालून बघा. आणि आपल्या माणसाचं मन जाणून घ्यायचं असेल, तर तो रोज काय करत होता ते आठवा.