बिनबुडाची युद्धनौका

यंदा सुरतेत डिंडोलीतल्या आमच्या गणपती मंडळाला युद्धनौकेचं खूळ लागलं. नौदलात सुरतेच्या नावाची नौका आहे, मग गणपती तिच्यावरच बसला पाहिजे, असं अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष म्हणजे आमचे हे, दगा पाटील. घरात साधा खिळा ठोकता येत नाही, निघाले जहाज बांधायला!

वर्गणी आली, पण सगळी तोफांसाठी. आमच्याकडे देणगी दिली की वस्तूवर मेलेल्या आईबापाचं नाव रंगवून घेतात. तोफेवरचं नाव अख्खी गल्ली वाचणार. बुडाला कोण पैसे देतो? ते दिसतं थोडंच! झालं, पुठ्ठ्याच्या अकरा तोफा आणि खाली नुसत्या दोन फळ्या.

गणपती यायच्या दिवशी दुपारी चाचणी घेतली. मूर्तीच्या जागी मंडळाचा सेक्रेटरी हिलाल बसला. बसला तो थेट जमिनीवर! जहाज त्याच्या गळ्यात.

शेजारच्या मंडळाची पोरं खिदळायला लागली. हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. चहासुद्धा घेईनात. माझा जीव तुटला हो.

"माझा पलंग न्या," मी म्हणाले. "लोखंडी आहे, हत्ती बसला तरी वाकायचा नाही."

"तुना पलंग?" यांचे डोळे भरून आले. "सगळ्यात मोठं नाव तुनंच टाकतो बघ!"

पलंग जहाजाच्या पोटात गेला. संध्याकाळी वाजतगाजत गणपती आले, बसले, जहाज तसूभर हललं नाही. हे छाती काढून उभे. मी नवी साडी नेसून आरतीला गेले, तर मंडपात माझी कतारगामची बहीण रंजना ऊर बडवत रडतेय. मला बघून किंचाळलीच!

जहाजावर लिहिलं होतं, 'कै. धुरपदाबाई दगा पाटील यांच्या स्मरणार्थ.' तोफा रंगवून रंगवून पेंटर लोटूचा हातच तसा बसला होता, मेल्याचा!

"पुसा ते आधी!"

"स्थापना झाली ना आता," हे पुटपुटले. "विसर्जनापर्यंत हात कसा लावणार? तेवढे दिवस कळ काढ."

"बरं," मी म्हणाले, आणि घरी येऊन चटईवर आडवी झाले.

आरती आटोपून हे आले. गॅस थंड. "भाकरी?"

"मेलेल्या बाया भाकरी थापत नसतात. त्यांना पान वाढायचं असतं."

बिचाऱ्यांनी खिचडी लावली. खालून करपली, वरून कच्ची. पण ताट वाढून माझ्यासमोर ठेवलं, पाण्याचा तांब्यासुद्धा. इतकी वर्षं मी जिवंत होते, तेव्हा नाही सुचलं यांना.